'मा' : एकाच अक्षराचे किती अर्थ?

अक्षरवेध

'मा निषाद प्रतिष्ठां त्वमगमः शाश्वतीः समाः' या वाल्मीकींच्या श्लोकाचे पहिलेच अक्षर निषेधाचे आहे. 'मा फलेषु कदाचन' आणि 'मा शुचः' हे गीतेतील निषेधही आपल्या ओठांवर असतात. मध्यंतरी हौसेने तुर्की भाषेचे प्राथमिक व्याकरण वाचायला घेतले, तेव्हा तेथे 'याप' म्हणजे 'कर' आणि 'यापमा' म्हणजे 'करू नको' असे आढळले. जुन्या फारसीत 'मकुन' म्हणजे 'करू नको'. अरबीत 'मा कतब्तु' म्हणजे 'मी लिहिले नाही'. चार भाषांत नकारासाठी हाच ध्वनी यावा, हा योगायोग मानायला मन तयार होत नाही.

तेव्हा प्रश्न असा की हे चारही 'मा' मुळात एकच आहेत का, आणि नसतील तर ते कशावरून ठरवायचे? अन्य भाषांतील 'मा' कोणाला ठाऊक असल्यास तेही या धाग्यावर प्रतिसादात अवश्य सांगावेत, मग त्यांचा अर्थ नकाराचा असो वा नसो.

व्युत्पन्न

चारांपैकी दोन सख्खे आहेत आणि दोन परके आहेत. संस्कृत 'मा' आणि फारसी 'म-' हे एकाच मुळाचे आहेत. अवेस्तेत, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथात, 'मा' आहे, प्राचीन ग्रीकमध्ये 'मे' (दीर्घ ए) आहे आणि आर्मेनियनमध्ये 'मि' आहे. या सर्व भारोपीय (भारत-युरोपीय) कुळातील भाषा आहेत.

केवळ ध्वनी जुळतो म्हणून हे म्हणत नाही. संस्कृतात जेथे 'आ' येतो तेथे ग्रीकमध्ये अनेकदा दीर्घ 'ए' येतो, आणि हे एका शब्दापुरते घडत नाही. 'मास' आणि 'मेन' (महिना), 'दधामि' आणि 'तिथेमि' (ठेवतो) या जोड्या पाहाव्यात. 'मा' आणि 'मे' ही जोडी त्याच नियमात बसते. शिवाय वापरही जुळतो. ग्रीकमध्ये साध्या विधानाला 'ऊ' हा नकार लागतो आणि आज्ञा, इच्छा, भीती अशा ठिकाणी 'मे' लागतो. संस्कृतात 'न' आणि 'मा' यांची वाटणी जवळजवळ तशीच आहे. नियमाने जुळणारा ध्वनी आणि जुळणारे काम या दोन्ही साक्षी मिळाल्या की नाते मानायला हरकत नसते.

तुर्कीचे कूळ वेगळे आहे. मंगोलियातील ओर्खोन खोऱ्यातल्या आठव्या शतकातील शिलालेखांत हा '-मा' प्रत्यय आधीच दिसतो. तो क्रियापदाच्या धातूला मागून चिकटतो, तर आपला 'मा' स्वतंत्रपणे उभा राहतो.

ओठमिटी

मला यात नात्यागोत्याची गरजच वाटत नाही. नको असलेला घास समोर आला की मूल ओठ घट्ट मिटते, आणि मिटलेल्या ओठांतून 'म'शिवाय दुसरे काय उमटणार? नकाराचा 'मा' ही मानवी शरीराचीच देणगी असावी.

तळटीप

ओठमिटी यांची कल्पना सुंदर आहे, पण ती गरजेपेक्षा जास्त सिद्ध करते. ती खरी असती तर जगभर नकार 'म'चाच असायला हवा होता. प्रत्यक्षात संस्कृत 'न', इंग्रजी 'नो', हंगेरियन 'नेम' यांत ओठ मिटण्याआधीच नकार देऊन झालेला असतो. आणि त्याच हंगेरियनमध्ये 'मा' म्हणजे 'आज'. तिच्या दूरच्या नात्यातील एस्टोनियनमध्ये 'मा' म्हणजे 'मी'. पोलिशमध्ये 'मा' म्हणजे 'त्याच्याकडे किंवा तिच्याकडे आहे'. पोलिश मुले अक्षरओळखीला 'आला मा कोता', म्हणजे 'आलाकडे मांजर आहे', हे वाक्य गिरवतात. ओठ सगळीकडे मिटतात, अर्थ मात्र निरनिराळे निघतात.

हम्जा

अरबीच्या 'मा'विषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण त्याची गोष्ट या चौघांत सर्वांत निराळी आहे. अरबीत 'मा'चा ठळक अर्थ 'काय' असा आहे. हिब्रूतही 'मा' म्हणजे 'काय'. 'जे' या अर्थानेही तो येतो. 'माशाल्लाह' या उद्गारातला 'मा' हाच आहे, म्हणजे 'ईश्वराने जे इच्छिले ते'. मग 'काय'चा 'नाही' कसा झाला? अभ्यासकांची एक प्रसिद्ध उपपत्ती अशी आहे की उत्तर अपेक्षित नसलेल्या प्रश्नातून हा नकार जन्मला. 'मी काय लिहिले?' असे त्राग्याने विचारणारा माणूस 'मी काहीच लिहिले नाही' असेच सांगत असतो.

मराठी वाचकाला हे पटवून द्यावे लागू नये. 'तो काय येतो!' या वाक्यात नकारार्थी शब्द एकही नाही, तरी तो येणार नाही हे ऐकणाऱ्याला लगेच कळते. 'कसला अभ्यास आणि कसले काय' यातही तेच आहे. म्हणजे अरबी 'मा'चे आपल्या 'मा'शी रक्ताचे नाते नाही, पण आपल्या 'काय'शी त्याच्या स्वभावाचे साम्य आहे.

पदच्छेद

मूळ धाग्यातील श्लोकाकडे परत यावेसे वाटते, कारण त्या 'मा'ने व्याकरणकारांची झोप उडवली होती. क्रौंच पक्ष्यांच्या जोडीतील एकाला मारणाऱ्या निषादाला, म्हणजे पारध्याला, वाल्मीकींनी दिलेला तो शाप आहे : 'तुला कधीही प्रतिष्ठा लाभणार नाही.'

पाणिनीचे 'माङि लुङ्' (३.३.१७५) हे सूत्र सांगते की निषेधाच्या 'मा'बरोबर क्रियापद लुङ् या भूतकाळी रूपात येते. पुढे 'न माङ्योगे' (६.४.७४) हे सूत्र सांगते की अशा वेळी भूतकाळाची खूण असलेला आरंभीचा 'अ' लागत नाही. म्हणून 'मा गमः' हे शुद्ध, पण वाल्मीकींच्या मुखी तर 'अगमः' आहे. आदिकवीच्या पहिल्याच श्लोकात व्याकरणदोष कसा मान्य करायचा?

यावर एक उत्तर असे दिले गेले की सूत्रातला 'माङ्' (पाणिनीने 'ङ्' ही खूण जोडलेला 'मा') वेगळा आणि हा साधा 'मा' वेगळा, त्यामुळे नियम येथे लागूच होत नाही. दुसरे उत्तर त्याहून धाडसी आहे. 'मा' हे लक्ष्मीचे नाव आहे. अमरकोशात 'इन्दिरा लोकमाता मा क्षीरोदतनया रमा' अशी ओळच आहे, आणि 'माधव' या नावाचा 'लक्ष्मीपती' असा विग्रहही सर्वज्ञात आहे. मग 'मा' आणि 'निषाद' ही पदे निराळी न मानता 'मानिषाद' असे एकच संबोधन घ्यायचे, म्हणजे 'जिच्या ठायी लक्ष्मी वसते असा तो', अर्थात विष्णू. असा पदच्छेद केला की निषेध नाहीसा होतो, 'अगमः' निर्दोष ठरतो आणि शाप उलटून स्तुती होते. क्रौंचाची जोडी म्हणजे रावण आणि मंदोदरी, आणि त्यातील काममोहित एकाचा वध करणारा राम चिरंतन प्रतिष्ठा पावला, असा अर्थ निघतो.

माझ्या मते ही बुद्धीची कसरत आहे. रडणाऱ्या क्रौंचीकडे पाहून कळवळलेल्या ऋषीला त्या क्षणी विष्णुस्तुती सुचली, हे रसदृष्ट्या पटत नाही. आर्ष, म्हणजे ऋषींच्या, काव्यात 'अ' राहिला तर राहू द्यावा. परंतु एका अक्षराचे दोन अर्थ कोशात असले की संपूर्ण श्लोकाचा भाव कसा फिरवता येतो, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

सुमुखी

पदच्छेद यांच्या प्रतिसादाला पुष्टी म्हणून कालिदासाची एक ओळ देते. 'कुमारसंभवा'च्या पहिल्या सर्गात पार्वतीच्या नावाची कथा आहे : 'उ मेति मात्रा तपसो निषिद्धा पश्चादुमाख्यां सुमुखी जगाम'. तपाला निघालेल्या मुलीला आई म्हणाली, 'अगं, नको' (उ, मा), आणि मुलीचे नावच उमा पडले. व्युत्पत्तिशास्त्र हे स्वीकारणार नाही, पण आईचा निषेध मुलीच्या नावात कायमचा राहावा ही कल्पना मला फार आवडते.

एक_वाचक

म्हणजे उमेने 'नको' हे उत्तर म्हणून न घेता नाव म्हणून घेतले.

चौथा_सूर

चिनी भाषेचा उल्लेख अजून कसा झाला नाही, याचे आश्चर्य वाटते. प्रमाण चिनीत 'मा' एकसारख्या उंच सुरात म्हटले तर आई, चढत्या सुरात म्हटले तर ताग, खाली जाऊन वर येणाऱ्या सुरात म्हटले तर घोडा आणि झटक्याने पडणाऱ्या सुरात म्हटले तर शिवी देणे. सूर न लावता वाक्याच्या शेवटी टाकले तर ते प्रश्नचिन्हाचे काम करते. मालवणीत 'कळला मां?' म्हणतात त्याची आठवण यावी, इतके हे काम जवळचे आहे. अर्थात नाते काही नाही.

खरी गंमत लिपीत आहे. 'घोडा' हे चिन्ह चित्रावरून आले. आईसाठीच्या चिन्हात डावीकडे 'स्त्री' आणि उजवीकडे 'घोडा' असतो. प्रश्नवाचक 'मा'मध्ये डावीकडे 'तोंड' आणि उजवीकडे पुन्हा घोडा. शिवी देण्याच्या चिन्हात वरच्या बाजूला दोन तोंडे आणि खाली तोच घोडा. घोड्याचा अर्थाशी काडीचाही संबंध नाही, तो फक्त 'याचा उच्चार मा-सारखा करा' एवढे सांगायला उभा आहे. फक्त तागाच्या चिन्हाने स्वतःचे वेगळे रूप राखले आहे.

मिश्कील

दोन तोंडे एका घोड्यावर ओरडत आहेत, हे शिवीचे चित्र मला तरी पूर्णपणे अर्थवाही वाटते.

तळटीप

येथे एक शंका मांडतो. चौथा_सूर यांनी सांगितलेले पाच 'मा' चिनी माणसाच्या कानाला एक शब्द वाटतच नाहीत. आपल्याला 'पाणी' आणि 'पाणि' वेगळे, किंवा 'दिन' आणि 'दीन' वेगळे, तसेच ते त्याला वेगळे आहेत. ते देवनागरीत लिहिल्यावर एकसारखे दिसतात, ही आपल्या लिपीची मर्यादा झाली. व्हिएतनामीतही भूत, आई, 'पण', थडगे, घोडा आणि भाताचे रोप हे सहा शब्द सुरांच्या फरकाने 'मा'च्या घरात राहतात. थाई भाषेत 'कुत्रा येतो' हे वाक्य आपल्या लिपीत 'मा मा' असेच लिहावे लागेल, आणि 'घोडा येतो' हेही. त्यामुळे धाग्याचे शीर्षक एकाच अक्षराचे आहे, हे केवळ आपल्यापुरते खरे आहे.

चौथा_सूर

शंका रास्त आहे. मात्र आपल्याच यादीत एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. चिनी, व्हिएतनामी आणि थाई या तीन वेगवेगळ्या कुळांतील भाषांत घोड्यासाठी 'मा'च आहे, आणि हा योगायोग नाही. व्हिएतनामीने तर तो शब्द चिनीतूनच उचलला. प्राणी एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात गेला की त्याचे नावही त्याच्या पाठीवर बसून जाते. म्हणजे रक्ताचे नाते आणि निव्वळ योगायोग यांच्या जोडीला उसनवारी ही तिसरी शक्यता धरायला हवी.

मूळपुरुष

चर्चा विनाकारण गुंतागुंतीची होत आहे. जगात सर्वत्र 'मा' म्हणजे आई आहे आणि सर्व भाषांचे मूळ संस्कृत आहे, इतके सरळ असताना चीन आणि तुर्कस्तान कशाला फिरायचे?

व्युत्पन्न

मूळपुरुष यांच्या पहिल्या विधानाला जॉर्जियन भाषा आडवी येते. तेथे 'मामा' म्हणजे वडील आणि 'देदा' म्हणजे आई. चिनीत 'मामा' म्हणजे आई आणि मराठीत आईचा भाऊ. एका शब्दात तिघे नातेवाईक झाले.

तरीही आईच्या शब्दांत 'म' फार येतो, हे खरेच आहे. जॉर्ज मर्डॉक या मानववंशशास्त्रज्ञाने जगभरच्या भाषांतून आई-वडिलांसाठीचे १०७२ शब्द जमवले होते, आणि त्यात आईच्या बाजूला अनुनासिक ध्वनींचे पारडे स्पष्टपणे जड होते. भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन यांनी त्याचे कारण असे दिले की दूध पिताना बाळाचे तोंड गुंतलेले असते, तेव्हा नाकातून निघणारा हुंकार हाच त्याला शक्य असलेला ध्वनी असतो. पुढे भूक लागली की तोच हुंकार मागणी म्हणून येतो, आणि मोठी माणसे त्याचा अर्थ 'आई' असा लावतात. ही सर्व भाषांत स्वतंत्रपणे, पुन्हा पुन्हा घडणारी गोष्ट आहे. म्हणूनच नाते सिद्ध करताना भाषाशास्त्रज्ञ 'मामा', 'पापा' असे शब्द पुरावा म्हणून घेत नाहीत.

दुसऱ्या विधानाविषयी एवढेच म्हणतो की आपल्याला मराठीपुरते संस्कृताचे मूळ दाखवायचे असेल, तर 'मा'ची गरज नाही. 'मातृष्वसा'ची 'मावशी' आणि 'मातृगृहा'चे 'माहेर' झाले. या प्रवासातील प्राकृत पायऱ्या दाखवता येतात, हे बळ सुट्या 'मा'त नाही.

मूळपुरुष

माहेर 'मातृगृह' असल्याचे सांगून आपण माझेच म्हणणे सिद्ध केले आहे.

मिश्कील

मूळपुरुष यांना जॉर्जियन मामांकडे पाठवावे, अशी सूचना करतो.

गणिती

या वादात थोडी आकडेमोड उपयोगी पडेल. एखाद्या भाषेत २० व्यंजने आणि ५ स्वर आहेत असे धरले, तर 'व्यंजन अधिक स्वर' या घडणीची एकाक्षरे १००च होतात. प्रत्येक भाषेला नकार, प्रश्न, मी, तू, हा, तो, पण, आणि अशा नेहमीच्या कामांसाठी आखूड शब्द लागतात, कारण दिवसातून असंख्य वेळा उच्चारायचे शब्द लांब ठेवणे परवडत नाही. शंभर खुर्च्या आणि डझनभर कायमचे पाहुणे असतील, तर हजारो भाषांपैकी अनेकींत एकच पाहुणा 'मा'च्या खुर्चीवर सापडणारच. त्यातही 'म' आणि 'आ' हे जवळजवळ सर्व भाषांत असलेले ध्वनी आहेत. शब्द जितका लहान, तितकी योगायोगाची शक्यता मोठी. 'यापमा' आणि 'मा गमः' यांच्या साम्याने म्हणूनच मला अजिबात धक्का बसत नाही.

भरतीओहोटी

गणिती यांचे म्हणणे पटवणारे एक उदाहरण देते. अरबीत 'माअ' म्हणजे पाणी आणि स्वाहिलीत 'माजी' म्हणजे पाणी. स्वाहिलीत अरबी शब्दांचा भरणा मोठा आहे, त्यामुळे हाही तिकडूनच आला असणार असे वाटते. पण स्वाहिलीतला 'मा-' हा आफ्रिकेतील बांटू भाषांचा स्वतःचा उपसर्ग आहे, आणि स्वाहिली त्यांपैकीच एक आहे. तो अनेकवचन करतो आणि पातळ पदार्थांच्या नावांपुढेही बसतो. पाणी 'माजी', तेल 'माफुता', दूध 'माझिवा', थुंकी 'माते'. शेजार, व्यापार, ध्वनी आणि अर्थ हे चारही जुळूनसुद्धा शब्द परका निघाला.

उलट ज्याच्याकडे कोणी पाहणार नाही तो आपला निघतो. स्वाहिलीत मोटारीला 'गारी' म्हणतात, आणि हा शब्द म्हणजे हिंद महासागर ओलांडून गेलेली आपली 'गाडी' आहे. तिचे अनेकवचन त्यांनी आपल्या नियमाने केले : 'मागारी'.

एक_वाचक

मराठीत गाडीचे अनेकवचन 'गाड्या' आणि स्वाहिलीत 'मागारी'. मोटार चालवणाऱ्याला मात्र दोन्हीकडे माघारी फिरावेसे वाटत असणार.

हम्जा

युरोपकडेही एक नजर टाकू या. इटालियनमध्ये 'मा' म्हणजे 'पण', आणि तो लॅटिन 'मागिस' म्हणजे 'अधिक' या शब्दाचा झिजून उरलेला तुकडा आहे. फ्रेंचमध्ये 'मा' म्हणजे 'माझी'. 'मा दाम' म्हणजे 'माझी स्वामिनी', त्याचे 'मादाम' झाले, इंग्रजीतून ते आपल्याकडे 'मॅडम' म्हणून आले. तेव्हा 'आमच्या मॅडम' असे म्हणणारा विद्यार्थी नकळत दोनदा मालकी सांगत असतो.

फ्रेंचमध्ये याच 'मा'मुळे एक शब्द अपघाताने जन्माला आला. पूर्वी 'माझी मैत्रीण' हे 'मा' आणि 'आमी' जोडून 'मामी' असे उच्चारत असत. लोकांना वाटले की हा 'मा' आणि 'मी' असा जोड आहे, आणि 'प्रेयसी' या अर्थाचा 'मी' हा नवा शब्द रूढ झाला. शब्द चुकीच्या जागी कापला गेला. वर पदच्छेद यांनी सांगितलेले 'मानिषाद' आठवावे. तेथे सांधा हेतुपूर्वक पुसला, येथे नकळत सरकला.

गोदाकाठचा_तेलुगू

तेलुगूत 'मा' म्हणजे 'आमचा', आणि त्यात ऐकणारा धरलेला नसतो. त्याला धरून म्हणायचे असेल तर 'मन' म्हणतात. मराठीत 'आमचे' आणि 'आपले' असा जो भेद आहे, तोच हा भेद. हिंदीत तो अशा रीतीने नाही आणि संस्कृतातही नव्हता, त्यामुळे द्रविड शेजाराचा हा परिणाम असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात. तेलुगू 'मा' आणि मराठी 'आमचा' हे शब्द नात्याचे नाहीत, तरी त्यांतील विचाराची वाटणी शेजाऱ्याकडून आलेली आहे. शब्द न घेता व्यवहार घेतला, हा प्रकार उसनवारीत मोडतो की नाही, हे जाणकारांनी सांगावे.

व्युत्पन्न

अवश्य मोडतो, आणि माझ्या मते तीच अधिक खोल उसनवारी आहे.

विराम

जपानी 'मा'चा उल्लेख राहून गेला. त्याचा अर्थ 'मधली जागा' किंवा 'मधला काळ'. दोन खांबांमधले अंतर, दोन स्वरांमधली शांतता, नटाने दोन वाक्यांमध्ये घेतलेला थांबा, हे सारे 'मा'. त्याच्या चिन्हात दाराची दोन फळ्यांची चौकट आहे आणि फटीतून सूर्य दिसतो. जुन्या रूपात तेथे चंद्र होता. मूर्ख माणसाला जपानीत 'मानुके' म्हणतात, म्हणजे ज्याचा 'मा' निसटला आहे असा. आपल्याकडे ताल चुकलेल्याला बेताल म्हणतात, तो फार दूरचा प्रकार नव्हे.

पदच्छेद

चंद्राचा विषय निघालाच आहे, तर संस्कृतातील तिसरा 'मा' सांगतो. 'मा' म्हणजे मोजणे हा धातू आहे. मात्रा, मान, प्रमाण, अनुमान, उपमा, प्रतिमा हे त्याचे कुटुंब, आणि आपले 'माप'ही तिकडचेच. 'मास' हा चंद्रवाचक आणि महिनावाचक शब्दही याच मोजण्याशी जोडला जातो, कारण काळ मोजण्याचे सर्वांत जुने साधन चंद्र हे होते. फारसीत त्याचे 'माह' झाले. 'दरमहा' आणि सरकारी कागदांवरचे 'माहे' हे शब्द म्हणजे 'मास'चेच इराणमार्गे परत आलेले भाऊबंद आहेत.

अक्षरवेध

सर्वांचे आभार. एक शंका अद्याप उरली आहे. निषेधाचा हा 'मा' मराठीत का उतरला नाही?

व्युत्पन्न

'मा भैः' अशा उसन्या संस्कृत प्रयोगांपलीकडे तो मराठीत जगला नाही, हे खरे आहे. ज्ञानेश्वरीत 'मा' भेटतो, पण त्याचा अर्थ 'मग' किंवा 'तर' असा आहे. तेथे निषेधासाठी 'झणें' येतो, आणि पुढे सारा कारभार 'नको' आणि 'नये' यांनी सांभाळला. फारसीतही असेच झाले. 'मकुन' आता कवितेत उरले आहे, बोलण्यात 'नकुन' म्हणतात. दोन्हीकडे साध्या नकाराच्या 'न'ने आज्ञेच्या नकाराची जागा घेतली. दोन नकार सांभाळण्यापेक्षा एकावर भागवणे लोकांना सोपे वाटले असावे. ग्रीकांनी मात्र आपला 'मे' टिकवला. त्याचा उच्चार आता 'मी' किंवा 'मिन' असा होतो, आणि आजही कोणाला काही करू नको म्हणून सांगायचे तर तोच वापरतात.

इस्तंबूली

उशिरा आलो, परंतु मूळ धाग्यातील तुर्कीविषयी एक भर घालतो. तुर्कीत '-मा' हे दोन प्रत्यय आहेत. एक नकाराचा, दुसरा क्रियेचे नाम करणारा. त्यामुळे 'ओकुमा' म्हणजे 'वाचू नको' आणि 'ओकुमा' म्हणजे 'वाचन'. बोलताना आघात 'कु'वर दिला तर मनाई होते आणि 'मा'वर दिला तर वाचन होते. लिहिताना आघात दिसत नाही. तेथील ग्रंथालयांत वाचनकक्षाला 'ओकुमा सालोनु' म्हणतात.

मिश्कील

ग्रंथालयात शांतता का असते, हे आता समजले. आघात कोठे द्यायचा, यावर आत एकमत झालेले नसणार.